धारवाल्याला माझं नाव सांगा

माझं शिवणकामाचं दुकान आणि त्यांचं धार लावायचं दुकान समोरासमोर होतं, अजूनही आहे. मधला रस्ता इतका अरुंद की मशीनवर बसल्याबसल्या मी विचारायची, “काका, चहा सांगू का?” आणि चाकाच्या घरघरीतूनही त्यांना ते नेमकं ऐकू जायचं. बाकी दहा हाका मारल्या तरी ओ नाही, पण चहा म्हटलं की मान वर.

सगळा बाजार त्यांना ठिणगीकाका म्हणतो. नाव ऐकून कुणाला वाटेल, भडक डोक्याचा म्हातारा असणार. ते नाव पडलं चाकामुळे. कुदळ किंवा कुऱ्हाड चाकावर धरली की ठिणग्यांचा फवारा पार दाराबाहेर यायचा आणि शाळेतून घरी निघालेली पोरं तिथेच खोळंबायची. माणूस मात्र इतका थंड की कुणी अंगावर धावून आलं तरी आधी हातातलं पातं फडक्यानं पुसणार, मग ते खाली ठेवणार, मग मान वर करून विचारणार, काय झालं म्हणून. तोवर समोरच्याचा राग निम्मा विझलेला असायचा.

दुकान म्हणजे जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उंच माणसाला आत शिरताना वाकावं लागतं. काका बुटके, त्यामुळे ती जागा जणू त्यांच्याच मापाची बेतलेली. एका मोटरवर दोन चाकं, एक जाडं, एक बारीक. वर टांगलेल्या डब्यातून पाण्याची धार चाकावर ठिबकत असते. खाली एका परातीत सपाट दगड भिजत पडलेले, आणि मागच्या भिंतीला फळीवर ठोकलेला चामड्याचा पट्टा. सगळं काम झालं की पातं त्या पट्ट्यावर हळूच ओढायचं. वरच्या मजल्यावरची मंडळी जिना उतरू लागली की काकांच्या डोक्यावर धपधप व्हायची. कोण उतरतंय ते ते पावलांवरून ओळखायचे, आणि माणूस खाली पोचायच्या आत त्याची सुरी कागदात गुंडाळून तयार असायची.

माझी कापायची मोठी कात्री मी त्यांच्याशिवाय कुणाकडे दिली नाही. ते आधी तिचा स्क्रू काढायचे आणि दोन्ही पाती भांडलेल्या नवरा-बायकोसारखी दोन बाजूंना ठेवायचे. एकेक पातं घासून, कडेवर उठलेली बारीक किनार पुरती निघेपर्यंत त्यांची गाठ पडू द्यायची नाही. मग जोडून, ओलं पातळ फडकं टोकापर्यंत कापून बघायचे. शेवटच्या टोकाला फडकं जरा जरी अडकलं तरी पुन्हा स्क्रू बाहेर. वस्तू परत देताना प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे, की आजचा दिवस जपून, जोर लावायची सवय लागलेली असते, आता जोर लावू नका. लोक मान डोलवायचे, घरी जाऊन जोर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी बांधून सांगायला यायचे, की काका, धार झकास लागली.

काकू त्यांच्या अगदी उलट. त्या सार्वजनिक बागेत कामाला होत्या. वाफे खणायच्या, रोपं लावायच्या, पण त्यांचा खरा जीव छाटणीत. बारीक चणीच्या, भरभर चालणाऱ्या, त्याहून भरभर बोलणाऱ्या. काका ऐकणारे आणि काकू बोलणाऱ्या, त्यामुळे त्यांच्या घरात भांडण म्हणून कधी नीट उभंच राहू शकलं नाही. नोकरी संपल्यावर त्यांनी बागेतून एकच वस्तू मागून आणली, त्यांची छाटणीची कात्री. मुठीवरचं लाल रबर अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालं होतं. घराच्या मागच्या अंगणात कुंड्या होत्या, एक लिंबाचं झाड होतं, त्यांच्यावर त्या दिवसभर ती चालवायच्या. लिंबू इतकं नीटनेटकं होतं की कधीकधी मला त्याची दयाच यायची.

विसरणं कधी सुरू झालं ते नक्की कुणाला सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आलं ते उशांच्या अभ्र्यांवरून. मी शिवलेले अभ्रे काकू घेऊन गेल्या, आणि चार दिवसांनी येऊन विचारू लागल्या, माझे अभ्रे झाले का. मी म्हटलं, काकू, नेलेत की तुम्ही. तर त्यांचा चेहरा असा झाला की मला पुढे बोलवेना. नंतर त्या पुन्हा आल्या तेव्हा मी सरळ म्हटलं, उद्या देते. त्यावर त्या खूश होऊन गेल्या. मग ते उद्या देते आमच्यात चालूच राहिलं.

काका घरातलं सावरून घ्यायचे. चहात दोनदा साखर पडली तर तसाच प्यायचे. किल्ल्या कुंडीत सापडल्या तर धुऊन खिळ्याला अडकवायचे. काकू विचारायच्या, आपली पोर शाळेतून का आली नाही अजून. पोरीला स्वतःचा संसार होता, नोकरी होती, पण ती रोज संध्याकाळी कामावरून थेट आईकडे यायची. म्हणून काका सांगायचे, येईल संध्याकाळी. मला म्हणाले, बघा, खोटंही बोलावं लागत नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पुढे काय काय होईल तेही समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं.

मग कुंपणाची भानगड झाली. त्यांच्या शेजारी एक बसड्रायव्हर राहायचे, निवृत्त झालेले, एकटे. रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर घरात जाऊ नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं झुडपांचं दाट कुंपण वाढवलं होतं. एका सकाळी काका आंघोळीला गेले असताना काकू कात्री घेऊन बाहेर पडल्या आणि त्या कुंपणाला लागल्या. अगदी पद्धतशीर काम, कापून खाली पडलेल्या फांद्यांचे नीट ढीगसुद्धा लावलेले. ड्रायव्हर पडदा सारून बघतात तर काय, कुंपणाला माणूस जाईल एवढी खिंड पडलेली आणि तिच्यात काकू घाम पुसत उभ्या. त्या त्यांना म्हणाल्या, फार कोंदट झालं होतं हो, हवाच नव्हती आतल्या फांद्यांना. ड्रायव्हर पडदा हातात धरून तसेच उभे राहिले. काकांनी नंतर जाऊन माफी मागितली, तेव्हाही ते फक्त त्या खिंडीकडे बघत राहिले.

त्यानंतर त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची कपड्यांची दोरी कापली गेली आणि धुतलेल्या चादरी चिखलात पडल्या. बहुतेक काकूंना ती वेल वाटली असावी. हेही हसण्यावारी नेता आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा अंगठा कापून घेतला, चांगला खोल, आणि रक्त येतंय हे कुणाला सांगायचं तेच त्यांना सुचलं नाही. काका भाजी घेऊन घरी आले तेव्हा त्या अंगणात पायरीवर बसून हाताकडे कुतूहलानं बघत होत्या.

लेक त्या संध्याकाळी बापाला जे बोलली ते रागानं नव्हतं, घाबरून होतं. घरातली प्रत्येक धारदार वस्तू बाहेर गेली पाहिजे, एक पातं शिल्लक राहता कामा नये. डॉक्टरांचंही तेच म्हणणं. काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक झाकलेली टोपली घेऊन दुकानात आले. तिच्यात घरातल्या सुऱ्या, कात्र्या, खुरपं, किसणी, दाढीचं सामान, आणि काकूंची लाल मुठीची कात्री. ती टोपली त्यांनी जिन्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात सरकवली आणि वर पोतं टाकलं.

उभ्या बाजाराला धार लावून देणाऱ्या माणसाच्या घरात आता साधा कांदा कापायची सोय उरली नाही. काका भाजी दुकानातच चिरून डब्यातून घरी न्यायचे. गिऱ्हाईक यायचं आणि बघायचं की काका पाटावर कांदा कापतायत आणि डोळे पुसतायत. लोकांना गंमत वाटायची. मीही एकदा म्हटलं, काका, दुकानाला हॉटेल जोडलं वाटतं. ते हसले. पुन्हा मी ती थट्टा केली नाही, कारण कांदा संपल्यावरही त्यांचे डोळे तसेच होते.

काकूंच्या हातांना काम उरलं नाही. आयुष्यभर काहीतरी कापणारे, खुडणारे हात मांडीवर नुसते पडून राहीनात. त्या घरातले खण उघडायच्या, बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. विचारलं तर काय शोधतोय ते सांगता यायचं नाही. अंगणात जाऊन फांद्या हातानं मोडू लागल्या. लिंबाच्या काट्यांनी मनगटं ओरबाडून निघाली. जेवण कमी झालं. आणि एक दिवस त्यांनी लेकीला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, घरात चोर शिरलाय, माझ्या वस्तू नेतो, दिसायला सभ्य दिसतो पण त्याच्यावर लक्ष ठेव. सभ्य दिसणारा चोर म्हणजे काका, ते तेव्हा बाहेरच्या खोलीत डबा उघडून काकूंसाठीच पान वाढत होते.

काका मला म्हणाले, “ती मला ओळखते की नाही, तेच कळत नाही ताई. हाक तर मारते, अहो म्हणून. पण बायका नवऱ्यालाही अहो म्हणतात आणि रस्त्यात पत्ता विचारायचा असला तरी अहोच म्हणतात. त्यातला कुठला अहो, ते कसं ओळखायचं?”

 मी हातातल्या कापडाची शिवण उसवत बसले, ती उसवायची नव्हती तरी.

थोड्या दिवसांनी मी बघितलं, काकांनी पोतं बाजूला करून टोपलीतून काकूंची कात्री काढली. बराच वेळ हातात धरून बसले. मग तिची कड त्यांनी दगडावर सरळ उभी टेकवली आणि ओढली. दगडावर पातं आडवं धरायचं असतं, हे इतकी वर्षं समोर बसून मलासुद्धा ठाऊक झालेलं. मी विचारलं, काका, हे काय करताय. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा ओढली, पुन्हा ओढली, अंगठा फिरवून बघितला आणि कात्री फडक्यात गुंडाळून घरी निघून गेले. धार घालवायचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. एखाद्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची शिवण फाडावी तसं ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अवेळी दुकानात आले. लेकीला त्या दिवशी सुट्टी होती, तिला आईजवळ बसवून आले होते. हातात तीच कात्री. दिवा लावला नाही, मोटर सुरू केली नाही, नुसते स्टुलावर बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं. मी रस्ता ओलांडून गेले, तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही थांबत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

सकाळी त्यांनी कात्री काकूंच्या हातात दिली. ती बघितल्याबरोबर काकूंचा चेहराच उजळला. झिजलेल्या खळग्यात अंगठा आपोआप बसला. त्या थेट लिंबाकडे गेल्या, एक फांदी निवडली, कात्री लावली, आणि थांबल्या. फांदीचा चेचलेला देठ त्यांनी काकांच्या नाकासमोर धरला.

“अहो, ही कात्री कापत नाही, चिरडते. असा चिरडलेला देठ आतपर्यंत वाळत जातो.”

काकांनी विचारलं, मग आता काय करायचं.

“बाजारात जिन्याखाली एक धारवाला बसतो. त्याच्याकडे घेऊन जा. दुसरीकडे कुठे देऊ नका.”

“चांगला आहे का तो?”

“हात चांगला आहे. आधी दोन्ही बाजूंनी घासायचा, वेडा कुठला. मी शिकवलं त्याला, या पात्याची एकच बाजू घासायची, दुसरी नुसती पुसून घ्यायची. ऐकतो. उलट बोलत नाही.” मग काकूंनी मागे वळून घरात कुणी नाही ना ते बघितलं आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला म्हणून सांगते. बागेची कात्री बोथट झालेली नसली तरी मी नेते त्याच्याकडे. सारखी नेते. पण तो आपला मान खाली घालून घासत बसतो. कात्रीकडे बघतो, माझ्याकडे बघतच नाही.”

काकांनी तो देठ हातात घेतला. कसंबसं म्हणाले, “मग?”

“मग काय, बघेल कधीतरी,” काकू म्हणाल्या. “त्याला माझं नाव सांगा. लगेच करून देईल.”

एवढं सांगून काका तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले. “मला वाटायचं, त्या बागेतलं लाकूडच फार चिवट असणार,” ते म्हणाले. “इतक्या लवकर कशी धार जाते या बाईच्या कात्रीची, म्हणून मी तिला वेगळं तेलसुद्धा लावून द्यायचो. इतकी वर्षं एका घरात राहिलो ताई, पण हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.”

मी विचारलं, आणि तुम्ही खरंच बघायचा नाहीत?

“बघायचो की. ती पाठ फिरवून निघाली की बघायचो.”

मग त्यांनी दिवा लावला. मशीन सुरू केलं नाही. परातीतला बारीक दगड घेतला आणि हातानंच घासायला बसले. एक बाजू घासायचे, दुसरी पुसायचे. आदल्या दिवशी घालवलेली धार परत आणायला त्यांना बराच वेळ लागला. मग कानस घेऊन त्यांनी कात्रीचं टोक गोल केलं, स्प्रिंग जरा सैल केली, मूठ पुसली. काम चाललं असताना एक गिऱ्हाईक सुऱ्या घेऊन आलं. काका त्याला म्हणाले, थांबावं लागेल, या बाईंचं काम आधी आहे. गिऱ्हाईकानं इकडेतिकडे बघितलं. तिथे बाई म्हणून मीच काय ती होते, म्हणून मी मान डोलावली.

लेकीशी बोलणं त्यांना अवघड गेलं. तिच्या पाठीमागे त्यांना काही करायचं नव्हतं. त्यांनी कात्री तिच्या समोर ठेवली आणि सकाळी काय घडलं ते सांगितलं. लेकीनं कात्री उचलून तिचं गोल केलेलं टोक बघितलं. मग विचारलं, “आणि पुन्हा लागलं तर, बाबा?”

“लागेल कदाचित. पण मी शेजारी असेन.”

“आणि दुकान?”

“दुकान दुपारनंतर.”

लेक घरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली ती जाड चामड्याचे हातमोजे घेऊन, अगदी आईच्या मापाचे. शिवाय तिनं माझ्याकडून एक लांब पट्टा शिवून घेतला, कात्री कमरेला अडकून राहावी म्हणून, म्हणजे हातातून सुटली तरी पायावर पडणार नाही. पट्ट्याची कल्पना तिचीच, मी फक्त दुहेरी शिवण घातली.

तेव्हापासून सकाळी जिन्याखालचं दार बंद असायचं. काका आणि काकू आधी आपल्या अंगणात, मग गल्लीतल्या ज्याला हरकत नसेल त्याच्या अंगणात काम करायचे. काकू कापायच्या आणि काका कापलेलं उचलायचे. ड्रायव्हरच्या कुंपणाची ती खिंड काही भरून आली नाही. झुडपं तिथे बोडकीच राहिली. पण रोज सकाळी त्या खिंडीतून काकू दिसू लागल्या तसे ड्रायव्हर आतून दोन कप चहा आणून द्यायला लागले, आणि एक दिवस स्वतःहून म्हणाले, “काकू, ती तिकडची बाजू राहिलीय बघा.”

बागेतला मुख्य माळी काकूंच्या हाताखालीच तयार झालेला. त्याच्या कानावर गेलं तसा तो घरी आला आणि म्हणाला, बाई, पाठीमागच्या वाटेचं कुंपण आम्हाला कुणाला जमत नाही, तुम्ही बघाल का. खरं तर ते कुंपण कुणालाही जमण्यासारखं होतं. मग ते दोघं तिथे जाऊ लागले. काका बरोबर डबा, पाण्याची बाटली आणि पिशवीत लहानसा दगड न्यायचे.

दगड न्यायचे कारण काकू दर थोड्या वेळानं कात्री त्यांच्या हातात द्यायच्या. अहो, जरा त्या धारवाल्याकडून करून आणता का? काका कात्री घेऊन अवजारांच्या खोलीमागे जायचे, दगडावर दोन हात फिरवायचे, थोडं थांबायचे, कारण बाजार काही इतका जवळ नव्हता, आणि परत यायचे. मग काकू विचारायच्या, काय म्हणाला तो.

पहिल्यांदा काकांनी कात्री पुसत वेळ काढला. ते म्हणाले, तुम्हाला विचारत होता. बायकोला तुम्ही म्हणायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. काकू लाजल्या. खऱ्याखुऱ्या लाजल्या, काका म्हणाले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हे असं रोज चाललं. कधी धारवाल्यानं निरोप दिलेला असायचा की कात्रीला तेल घालत जा, कधी असा की परवा पिवळ्या कपड्यांत छान दिसत होतात. हा थंड माणूस असले निरोप कुठून काढत होता कोण जाणे. दुपारी दुकानात आले की मला म्हणायचे, ताई, आज काय सांगू सुचेना, तुम्हीच काहीतरी सांगा. मी सांगितलेलं त्यांना पसंत पडायचं नाही. फार गोड आहे, तो असं बोलायचा नाही, म्हणायचे.

एकदा मोठी चूक झाली. काकूंनी सहज विचारावं तसं विचारलं, त्याचं लग्न झालंय का हो. काका गाफील होते, बोलून गेले, झालंय. काकूंनी कात्री खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. जेवल्या नाहीत. घरी येताना सगळी वाट खाली मान. काका दुकानात आले ते इतके कासावीस, की मला कळेना हसू की काय करू. स्वतःचं लग्न झालेलं असल्याबद्दल त्यांना स्वतःचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेत पोचल्यापोचल्या सांगून टाकलं, काल माझी ऐकण्यात चूक झाली, त्याचं लग्न झालेलं नाही. काकूंना कालचं काही आठवत नव्हतं. पण बातमी ऐकून त्या लगबगीनं कामाला लागल्या. थोड्या वेळानं कात्री दिली. काका खोलीमागे गेले आणि आले. काय म्हणाला?

“विचारतोय, लग्न कराल का?”

काकू हसल्या. बराच वेळ हसत राहिल्या, पानं झटकत, फांदी सरळ करत. मग म्हणाल्या, “एवढं विचारायला तुम्हाला पाठवलं? त्याला म्हणावं, स्वतः ये.”

काका कात्री घेऊन तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, “आलोय.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, हे काका मला सांगू शकले नाहीत. मी दोनदा विचारलं. ते एवढंच म्हणाले की तिनं हातमोजा काढला आणि माझ्या शर्टाच्या खांद्यावर पडलेलं पान उचलून टाकलं.

थंडी पडली तसे काकूंचे हात थकायला लागले. काकांनी स्प्रिंग आणखी सैल केली, मग तीही पुरेना. मग कात्री बदलून त्यांना सुकलेली फुलं खुडायची छोटी कात्री दिली, माझ्याकडचीच, धागे कापायची. काही दिवस ती चालली. मग एका सकाळी काकूंनी ती हातात घेतली आणि कशासाठी असते ते त्यांना आठवलं नाही. काकांनी ती हळूच काढून घेतली आणि दोघं नुसतेच बाकावर बसून परत आले. बागेत जाणं हळूहळू थांबलं. हात आता मांडीवर शांत असतात. त्यांना काही शोधायचं नसतं.

पण आता घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून काका त्यांना दुपारी दुकानात घेऊन येतात. लेकीनं उशी असलेली हात टेकायची खुर्ची आणून ठेवली आहे, त्यामुळे त्या इवल्याशा जागेत गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा उरलेली नाही. लोक रस्त्यावर उभे राहतात. काका मोठं चाक फार चालवत नाहीत, आवाजानं काकू दचकतात. बहुतेक काम दगडावर, हातानं. वेळ लागतो. कुणाची तक्रार नाही, निदान माझ्या कानावर आलेली नाही.

परवा दुपारची गोष्ट. ऊन जिन्याखाली तिरपं आत आलं होतं आणि काकूंना खुर्चीत डुलकी लागली होती. झोपेत त्यांचं डोकं हळूहळू कलत काकांच्या दंडावर येऊन टेकलं. तो त्यांचा उजवा हात. हातात अर्धी घासलेली सुरी होती. ती त्यांनी डाव्या हातानं काढून घेऊन परातीत ठेवली आणि तसेच बसून राहिले. इतक्यात हॉटेलचा आचारी सुऱ्यांचं बोचकं घेऊन आला. हा आचारी म्हणजे घोड्यावर बसून येणारा माणूस, त्याला सगळं आत्ताच्या आत्ता लागतं. तो बोलायला तोंड उघडणार, तोच काकांनी त्याच्याकडे बघून मान किंचित हलवली. आचाऱ्यानं एकदा काकूंकडे बघितलं, बोचकं आवाज न करता पायरीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी स्वतः बसला.

मी मशीनवरचा पाय काढून घेतला.